चौकशीचा रकाना

मी विमानतळावर काम करते म्हटलं की लोक आधी माझ्या चपलांकडे बघतात. विमानतळावरची बाई म्हणजे उंच टाचा आणि गळ्यात रेशमी रुमाल, असं त्यांच्या डोक्यात असतं. माझा रुमाल पर्समध्ये असतो आणि तो घाम पुसायला असतो. आमचा विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, एक लांबट इमारत, सामानाचा एक पट्टा जो निम्म्या वेळा फिरत नाही, आणि चौकशीची एक खिडकी. त्या खिडकीत मी. दिवसाला दोन विमानं येतात, सत्तर-सत्तर माणसांची, पंख्याची. सकाळच्या विमानाने मोठे डॉक्टर येतात, आणि परत जाताना त्याच्या पोटातून फुलांची खोकी जातात. संध्याकाळच्या विमानावर टॅक्सीवाल्यांची घरं चालतात. विमान रद्द झालं की शिव्या मला, वेळेवर आलं की कौतुक वैमानिकाचं. अकरा वर्षं हेच चाललंय आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

धावपट्टी पश्चिमेला जिथे संपते तिथे तारेचं कुंपण आहे, मग गवताची पट्टी, आणि तिला लागून आमची गल्ली. अडतीस घरं. विमानाची शेपटी आमच्या गच्च्यांवरून जाते म्हणून सगळे तिला शेपूटगल्ली म्हणतात. आमच्या गल्लीतला माणूस कुठेही ओळखू येतो. तो बोलता बोलता मध्येच थांबतो, अर्धा शब्द तोंडात धरून ठेवतो, आणि पाच-सहा सेकंदांनी उरलेला अर्धा सोडतो. विमान असो वा नसो, त्या वेळेला जीभ आपोआप थांबते. सोयरिकीची बोलणी, भांडणं, मयताचे निरोप, सगळं आम्ही मध्ये एक विमान घालूनच करत आलोय. माझ्या नवऱ्याने तेवीस वर्षं विमानात सामान चढवलं आणि उतरवलं. त्यात त्यांच्या डाव्या कानाने केव्हाच राजीनामा दिला. ते म्हणतात, एक कान विमानाला दिला, एक तुझ्यासाठी राखून ठेवलाय. माझ्यासाठी राखलेल्या कानालाही हवं तेवढंच ऐकू येतं, ते सोडा.

माझा धाकटा भाऊ याच घरात वाढला. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी नुकतीच लग्न होऊन आले होते. मी त्याला घेऊन आले. माझ्या नवऱ्याने एका शब्दाने विचारलं नाही की किती दिवसांसाठी. तो शिकला, मोठा झाला, आणि मग मीच त्याला हाताला धरून विमानतळाच्या तेव्हाच्या साहेबांपुढे उभं केलं. पोरगा हुशार. ट्रॉल्या मोजणारा कारकून म्हणून लागला आणि चढत चढत स्वतःच साहेब झाला. 'कानामागून आली आणि तिखट झाली,' असं कुणी कुजबुजलं की मी अंगावर जायची. आपल्या हाताने वर चढवलेलं लेकरू वर गेलं, यात वाईट काय वाटायचंय?

आता रजिस्टरचं सांगते, कारण सगळं रामायण तिथेच आहे. माझ्या खिडकीत टेलिफोनच्या शेजारी एक जाड रजिस्टर असतं. आलेला प्रत्येक फोन त्यात लिहायचा. तारीख, वेळ, कोण बोललं, कुठून बोललं. शेवटचा रकाना प्रकाराचा. तिथे दोनच शब्द चालतात, 'तक्रार' किंवा 'चौकशी'.

मी नोकरीला लागले त्याच महिन्यात समोरच्या घरातल्या मास्तरांचा फोन आला. ते गल्लीतले निवृत्त शिक्षक. सकाळच्या विमानाने त्यांच्या फळीवरचे सहा पेले खाली आले होते. मी शिकल्याप्रमाणे लिहिलं, 'तक्रार'. त्या संध्याकाळी भाऊ घरी जेवायला आला. तेव्हा तो उपव्यवस्थापक होता आणि आमच्याकडेच राहायचा. माझ्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, हातात ताट घेऊन तो म्हणाला,

"ताई, तू तक्रार लिहिलीस की तो कागद मुख्य कचेरीत जातो. पंधरा दिवस हिंडतो आणि प्रश्नचिन्ह लावून घेऊन परत येतो. तोवर मास्तरांची फळी हलतेच आहे. त्यापेक्षा तू चौकशी लिही आणि मला सांग. मी स्वतः जाऊन बघतो."

"पेले फुटले त्याला चौकशी म्हणायचं?"

"अगं, म्हणायला काय जातंय? काम झाल्याशी मतलब ना?"

आणि काम झालं, हे मला सांगितलंच पाहिजे. दुसऱ्या दिवशी तो सुतार घेऊन आला, फळीला पुढून पट्टी मारून दिली. पहाटे साडेपाचला इंजिन तपासायचे, ते आठ वाजता करायला लावलं. ज्यांच्या खिडक्या थडथडायच्या त्यांना रबर लावून दिलं. सगळी गल्ली त्याला दुवा देत होती आणि मी मनातल्या मनात फुगत होते. मग मी ती पहिली 'तक्रार' खोडून 'चौकशी' केली आणि तेव्हापासून सगळंच 'चौकशी' लिहायला लागले. पुढे पुढे तर मी त्यात तरबेज झाले. शिंप्याचा फोन आला, "मावशी, तुमच्या विमानापायी इस्त्री हातातून सुटली, गिऱ्हाइकाची विजार जळाली," की मी लिहायची, 'विमानाच्या आगमनवेळेबाबत चौकशी'. मास्तर म्हणाले, "आज तर गच्चीवरचे कपडे घेऊन जायचाच बेत होता वैमानिकाचा," की मी लिहायची, 'विमानाच्या उंचीबाबत चौकशी'. मास्तरांना एकदा ते वाचून दाखवलं तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "तू ध चा मा करतेस गं," म्हणाले. हसण्यावारी गेलं.

मग भाऊ साहेब झाला. दोन वर्षांपूर्वी तो बायको-मुलीला घेऊन पूर्वेकडच्या नव्या इमारतींत राहायला गेला, धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला, पण पुष्कळ आत. मुलीची शाळा जवळ पडते म्हणाला. मीच त्यांची भांडी बांधून दिली. त्यानंतर तो गल्लीत यायचा कमी झाला आणि मग थांबलाच. मास्तरांच्या भिंतीला भेग गेली, ती मी त्याला चारदा सांगितली. "बघतो ताई," म्हणाला. मी लिहिलं, 'चौकशी'. सवय वाईट, आणि भरवसा त्याहून वाईट.

गेल्या महिन्यात नोटीस लागली. मोठं विमान उतरवायचं तर धावपट्टी चारशे मीटर वाढवायला हवी. पूर्वेला वाढवली तर नव्या इमारतींच्या पुढच्या दोन रांगा जातील, आणि विमान भावाच्या गच्चीवरून जायला लागेल. पश्चिमेला वाढवली तर शेपूटगल्ली जाईल, अख्खी, अडतीसच्या अडतीस. अहवालाने पश्चिम निवडली होती. त्या अहवालाची एक प्रत लोकांना वाचायला म्हणून ठेवली होती. कुठे? माझ्याच खिडकीत, रजिस्टरच्या शेजारी.

मी तो वाचला. एका पानावर लिहिलं होतं, 'पश्चिमेकडील वस्तीतून गेल्या अकरा वर्षांत एकही तक्रार प्राप्त झालेली नाही. नऊशे चौदा चौकश्या प्राप्त झाल्या असून, त्यावरून रहिवाशांमध्ये विमानसेवेविषयी आस्था व उत्सुकता दिसून येते.' पूर्वेकडून सेहेचाळीस तक्रारी होत्या. म्हणून पूर्वेला विरोध, पश्चिमेला आस्था.

नऊशे चौदा वेळा मी माझ्या हाताने ते लिहिलं होतं. तरी तेव्हा मला भावाचा राग आला नाही, खोटं का बोलू? मला वाटलं, त्या बिचाऱ्याच्या ध्यानात आलं नसेल, आम्ही दोघंही मूर्ख ठरलो. मग मी शेवटची यादी उघडली. पूर्वेच्या सेहेचाळीस तक्रारी नावानिशी दिल्या होत्या, फोनवरच्या नव्हेत, थेट साहेबांच्या कचेरीत दिलेले अर्ज. एकोणिसावं नाव माझ्या भावजयीचं होतं. 'विमानाच्या आवाजाने मुलीच्या अभ्यासात व्यत्यय येतो.' तारीख दोन वर्षांपूर्वीची, ते राहायला गेले त्याच महिन्यातली. खाली शेरा, 'तक्रार. मुख्य कचेरीस तात्काळ पाठवावी.' आणि सही माझ्या भावाची.

त्यांच्या घरी मी जेवून आलेय. तिथे विमानाचा आवाज डासाएवढा येतो.

मी खिडकीला 'पाच मिनिटांत येते'ची पाटी लावली आणि त्याच्या खोलीत गेले. तो उठून उभा राहिला. मी आले की तो अजून उभा राहतो, तेवढं वळण मी लावलंय. त्याने दार लोटून घेतलं.

"ताई, बस."

"बसायला नाही आले. तुझ्या बायकोची ती तक्रार, आणि मास्तरांची भिंत फाटली ती चौकशी?"

टेबलावरची फाईल सरळ होती, ती त्याने आणखी सरळ केली.

"दोन वर्षांपूर्वीच तुला ठाऊक होतं, की तक्रार लिहिली तरच मोजतात."

"ताई, कुणीतरी हलणारच होतं. मोठं विमान आलं नाही तर ही दोन्ही पण बंद होतील, हे मी तुला लिहून देतो. मग तुझी खिडकी गेली, टॅक्सीवाले गेले, फुलांचे मळे गेले. डॉक्टरसुद्धा यायचे नाहीत. सगळ्या गावाचं बघावं लागतं मला."

"बघ की. पण आमच्या घरावरून कशाला?"

"तुला चांगली जागा देतो मी मिळवून. नव्या वसाहतीत, पहिल्या रांगेत. भाऊजींना जिना चढायला लागणार नाही, तळमजला घेऊ." त्याचा आवाज एकदम लहानपणचा झाला. "तू फक्त सुनावणीत काही बोलू नकोस. माझी नोकरी आहे गं."

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. वर आणखी लाज वाटते ती याची, की मी मान हलवली. आपलेच दात, आपलेच ओठ. घर परत बांधता येतं, भाऊ कुठून आणायचा, असं मी घरी जाईपर्यंत स्वतःला शिकवत गेले. नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यांनी चांगला कान माझ्याकडे करून शेवटपर्यंत ऐकलं. "तुझा भाऊ आहे, तू ठरव," एवढंच म्हणाले, आणि मागच्या खोलीत जाऊन भिंतीवरून हात फिरवत बसले. ती खोली त्यांनी स्वतः बांधली होती, सुट्टीच्या दिवशी, एकेक वीट रचून, भावाला अभ्यासाला वेगळी जागा हवी म्हणून.

सुनावणी विमानतळावरच झाली, दोन विमानांच्या मधल्या वेळात. सामानाच्या पट्ट्यापुढे टेबल मांडलं होतं. मुख्य कचेरीतून आलेले अधिकारी मध्ये, किडकिडीत आणि सभ्य, प्रत्येकाला "बोला, बोला" म्हणणारे. त्यांच्या उजव्या हाताला भाऊ, फायली घेऊन. समोर खुर्च्यांवर आमची गल्ली आणि मागे थोडे पूर्वेचे लोक. मी रजिस्टरं घेऊन एका बाजूला उभी. नोंदी दाखवायला मला हजर राहायला सांगितलं होतं.

मास्तर उठले. "साहेब, आमच्याकडून तक्रार नाही असं तुम्ही छापलंत. मी एकट्याने दोनशे वेळा तरी फोन केला असेल."

अधिकाऱ्यांनी रजिस्टर उघडून बघितलं. "तुमचे फोन आहेत. पण सगळ्या चौकश्या आहेत. हे बघा, विमानाच्या उंचीबाबत चौकशी."

"उंचीबाबत? ती थट्टा आहे असं वाटलं होतं मला! माझे कपडे उडाले होते!"

काही जण हसले. मास्तर हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. "अगं, आम्ही फोन केला तो तुला. तू सगळंच असं लिहीत होतीस?"

सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली. त्यांना ती गंमत वाटायची तेव्हा वाटायची. आता ती गंमत नव्हती. शिंप्याची बायको, जी रोज मला हाक मारून जाते, तिने माझ्यावरून नजर काढून घेतली. मी खाली बघत राहिले. भावाला शब्द दिला होता.

मग भाऊ उठला. मला वाटलं, आता तो काहीतरी मधला मार्ग काढेल. इतका हुशार आहे, काढेलच. नोंदी करताना कार्यालयाचंच चुकलं, असं काहीतरी गोलमाल म्हणेल आणि आम्ही दोघंही सुटू.

"सर," तो म्हणाला, "या नोंदी काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने केलेल्या आहेत. या बाईंकडून वर्गवारीत चूक झालेली असू शकते. तसं असेल तर त्यांच्यावर कारवाई करू. पण एका कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे अकरा वर्षांची नोंद रद्द होत नाही, असा नियम आहे."

या बाई. नऊ वर्षांचा असल्यापासून त्याने मला ताईशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. भर हॉलमध्ये, माझ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांपुढे, मी 'या बाई' झाले. गल्लीतल्या लहान पोरालासुद्धा आमचं नातं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त त्या अधिकाऱ्यांना.

"नियम तसाच आहे," अधिकारी म्हणाले. "कर्मचाऱ्याने स्वतःहून चूक केली असेल तर नोंद कायम राहते. कार्यालयानेच तसं लिहायला सांगितलं असेल, तर मात्र नोंद धरता येत नाही." ते माझ्याकडे वळले. फार सौम्यपणे त्यांनी विचारलं, "तुम्हाला कुणी असं लिहायला सांगितलं होतं का?"

मी भावाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. घाबरलेलाही दिसत नव्हता. तो पुढचा कागद काढून तयार ठेवत होता.

"हो," मी म्हणाले. "सांगितलं होतं."

"कोणी?"

"या साहेबांनी."

त्याच्या हातातला कागद तसाच राहिला.

"कार्यालयात सांगितलं? लेखी काही आहे?"

"लेखी काही नाही. आणि कार्यालयात नाही, माझ्या स्वयंपाकघरात सांगितलं. जेवताना."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "साहेब तुमच्या स्वयंपाकघरात काय करत होते?"

पूर्वेच्या लोकांत हशा झाला. आमच्यातलं कुणी हसलं नाही.

"तो माझा भाऊ आहे," मी म्हणाले. "सख्खा. मीच वाढवलाय. अकरा वर्षांत गल्लीतून फोनवर आलेली एकूण एक तक्रार मी त्याच्या सांगण्यावरून चौकशी म्हणून लिहिली. पूर्वेच्या यादीतली एकोणिसावी तक्रार त्याच्या बायकोची आहे, तिच्यावर त्याचीच सही आहे. तिथे त्याने चौकशी लिहिलेलं नाही. माझी चूक मला मान्य आहे, माझ्यावर काय करायची ती कारवाई करा. पण ती चूक माझ्या एकटीची नाही."

अधिकाऱ्यांनी यादी मागवली, एकोणिसाव्या ओळीवर बोट ठेवलं आणि भावाला विचारलं, "खरं आहे?" तो काहीतरी बोलायला गेला आणि मध्येच थांबला. विमान नव्हतं, तरी थांबला. उरलेला शब्द काही आला नाही.

बाकी सगळं पटापट झालं. पश्चिमेची नोंद बाद, दोन्ही बाजूंच्या तक्रारी नव्याने घ्यायच्या, तोवर निर्णय स्थगित. आणि शेवटी ते लिहिता लिहिता म्हणाले, "व्यवस्थापकांची चौकशी होईल." त्या शब्दावर मात्र आमची सगळी गल्ली हसली, मास्तरांसकट, आणि मग टाळ्या वाजल्या. शिंप्याची बायको येऊन मला बिलगली. नवरा मागून ओरडून विचारत होता, "काय झालं, काय म्हणाले?" मला कुणाचा आनंद आत पोचत नव्हता. घर वाचलं होतं, निदान तूर्तास.

लोक बाहेर पडले. मी रजिस्टरं गोळा करत होते. भाऊ फायली काखेत मारून निघाला, दारापर्यंत गेला आणि परत आला. त्याचे डोळे लाल झाले होते. मला आधी माया आली, मग राग आला, मग दोन्ही एकत्रच आली.

"ताई," तो म्हणाला, "मला वाटलं होतं, तू तरी गप्प बसशील."

"मलाही तसंच वाटलं होतं," मी म्हणाले.